एकोणीस दिवस न सापडलेलं दार

बेलीफबाईंना त्यांच्या नावाने हाक मारणारं कोर्टात कुणी उरलं नव्हतं. न्यायाधीशांपासून जिन्याखालच्या चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना बेलीफबाईच म्हणत. मुळात ही नोकरी त्यांच्या नवऱ्याची. तो एका चार मजली इमारतीत समन्स घेऊन चढला, तिसऱ्या मजल्यावर छाती धरून बसला आणि पुन्हा उठलाच नाही. लेक तेव्हा दोन वर्षांची. कोर्टाने दया दाखवून नवऱ्याच्या जागी बायकोला घेतलं. बेलीफांच्या वरिष्ठाला नाझर म्हणतात. त्या नाझरने बाईंच्या हातात पहिलं समन्स दिलं ते त्याच इमारतीचं, तिसऱ्या मजल्यावरचं, नवऱ्याच्या हातून बजावायचं राहून गेलेलं. नाझर काही दुष्ट नव्हता, त्याच्या ढिगात ते वर होतं इतकंच. बाई गेल्या, कडी वाजवली, समन्स दिलं, सही घेतली, आणि मग खाली येऊन पायरीवर बसून पोटभर रडल्या. पण आधी सही घेतली. बाईंचा सगळा स्वभाव ह्यात आला.

बेलीफाचं काम दिसायला टपालवाल्यासारखं. फरक एवढाच की टपालवाल्याची लोक वाट पाहतात आणि बेलीफाला पाहून दार लावून घेतात. समन्स, नोटीस, ताब्याचा हुकूम, असले कागद घेऊन दारोदार हिंडायचं आणि ज्याच्या नावाचा कागद त्याच्याच हाती द्यायचा. लोक शिव्या देतात, कुत्री अंगावर येतात, लहान पोरं आतून ओरडतात, "बाबा म्हणतायत बाबा घरी नाहीत!" म्हणून बरेचसे बेलीफ फार कष्ट घेत नाहीत. चहाच्या टपरीवर बसून छापील फॉर्मवर लिहायचं, 'समक्ष गेले असता घर बंद, दारास कुलूप,' आणि सही ठोकायची. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी बोलत नाही.

बाईंनी वीस वर्षांत असं एकदाही केलं नाही. एका कंत्राटदाराला नोटीस द्यायला त्या सात वेळा गेल्या आणि शेवटी न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला साबण लावलेल्या अवस्थेत त्याला गाठला. हे सगळं त्यांनी अहवालात लिहिलं, साबणासकट. बाईंचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वकील एरवी बेलीफाला पिंजऱ्यात उभं करून फाडून खातात, पण अहवालाखाली बाईंची सही दिसली की उलटतपासणीचा नाद सोडून देत. बाईंची सगळी कमाई ती एवढीच होती, आणि ती त्यांना पगारापेक्षा प्यारी होती.

आता साहेब. दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातलं कोर्ट त्यांचं. उंच, सावकाश बोलणारे, वाक्य सुचेपर्यंत चष्मा पुसणारे. दर शनिवारी ते कायद्याच्या कॉलेजात शिकवायला जात. विषय असा की ऐकूनच झोप यावी: कायदा म्हणजे नेमकं काय आणि तो असतो कशासाठी. शुक्रवारी दुपारी सुट्टीत ते बाईंना आपल्या खोलीत बोलावत, चहा मागवत आणि दुसऱ्या दिवशीचं अख्खं व्याख्यान त्यांना म्हणून दाखवत. "बाई, तुम्हाला कळलं तर पोरांना नक्की कळेल," असं म्हणत. हे कौतुक की टोमणा, ह्याचा बाईंनी कधी विचार केला नाही. न्यायाधीश आपल्याला खुर्चीत बसवून चहा देतो आणि आपल्याशी विचारांचं बोलतो, ह्यानेच त्या हरखून गेल्या होत्या. असे आठ वर्षांचे शुक्रवार.

ऐकून ऐकून बाईंना सगळे सिद्धान्त तोंडपाठ झाले, आणि त्यांनी त्यांना आपल्या सोयीची नावंही ठेवली. एक पंथ म्हणे, ज्याच्या हाती सत्ता त्याचा हुकूम म्हणजे कायदा. मोडला तर शिक्षा. तो बरा की वाईट हा प्रश्नच विचारायचा नाही. हा दांडक्याचा कायदा. दुसरा म्हणे, माणसाच्या बुद्धीला आणि सदसद्विवेकाला पटेल तोच कायदा. अन्याय करणारा कायदा कागदावर असला तरी तो कायदाच नव्हे. हा काळजाचा. तिसरा म्हणे, पुस्तकं ठेवा बाजूला. खुर्चीवरचा न्यायाधीश शेवटी जे करतो तोच कायदा, आणि ते त्याची झोप नीट झाली की नाही ह्यावरही ठरतं. ह्याला बाई साहेबांच्या डोकेदुखीचा कायदा म्हणत, तेही साहेबांच्या तोंडावर, आणि साहेब खो खो हसत. चौथा लोकांच्या रीतीतून उगवणारा, तो वहिवाटीचा. पाचवा म्हणे, ज्यांच्याकडे आहे त्यांनी, ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी करून ठेवलेली गोष्ट म्हणजे कायदा. ह्याला बाईंनी नाव ठेवलं नाही. "हे तर रोजचंच की," एवढंच म्हणाल्या.

एकदा साहेबांनी विचारलं, "आणि तुमच्या मते, बाई?"

बाई लाजल्या. मग म्हणाल्या, "मला काय कळतंय साहेब. पण दार वाजवलं की आतला आवाज बंद होतो बघा. भांडत असले तर गप्प होतात, हसत असले तर गप्प होतात. मला वाटतं कायदा म्हणजे ती दारावरची थाप. आत काय चाललंय ते तिला ठाऊक नसतं."

साहेबांनी चष्मा पुसला आणि ते वाक्य वहीत टिपून घेतलं. पुढे लेक त्याच कॉलेजात गेली आणि एका शनिवारी नाचतच घरी आली. "आई, आज सर काय सुंदर बोलले! म्हणाले, कायदा म्हणजे दारावरची थाप!" बाईंनी तिला सांगितलं नाही ते कुणाचं. त्यांना अभिमानच वाटला. मला विचाराल तर त्याच दिवशी त्यांनी सावध व्हायला हवं होतं. पण चोरी झाली की माणूस बोंब मारतो, आणि बाईंना तर आपल्या घरात चोरण्यासारखं काही होतं ह्याचंच अप्रूप.

साहेबांचा स्वतःचा जीव त्या दुसऱ्या, काळजाच्या कायद्यावर. खिडकीशी उभं राहून ते म्हणत, "बाई, कायदा कशासाठी केला ते विसरलं, की हातात उरतं ते नुसतं दांडकं." बाई घरी आल्यावर पोळपाट धुता धुता लेकीकडून हेच सिद्धान्त पाठ करून घेत. लेक अडखळली की त्या पुढचं वाक्य सांगत. लेक म्हणायची, "आई, परीक्षेला तूच बस." दोघींच्या घरातली ती सगळ्यात सुखाची वेळ होती.

आणि मग त्या आजोबांचा कागद आला.

आजोबा वेताच्या खुर्च्या विणायचे. गल्लीच्या तोंडाशी एक खोली, तिथेच राहणं आणि तिथेच धंदा. घर कागदोपत्री भावाचं. भाऊ गेला आणि पुतण्याने दावा लावला. दाव्याचं पहिलं समन्स बाईंनीच दिलं होतं. तेव्हा आजोबांनी त्यांना नव्या विणलेल्या खुर्चीत बसवून पाणी दिलं होतं आणि विचारलं होतं, "पोरी, कागद आणतेस तो आणतेस, वाचून पण दाखव. माझी नजर वेतापुरतीच उरली आहे." दावा पुतण्याने जिंकला. आता घराच्या ताब्याची नोटीस निघाली होती. ती आजोबांच्या हाती पडली की सात दिवसांत घर खाली.

पण गंमत अशी, की सरकारने नवा कायदा केला होता. साठ वर्षांवरच्या माणसाला राहत्या घरातून काढता येणार नाही, दुसरी सोय केल्याशिवाय. तो लागू होणार पुढच्या महिन्याच्या एक तारखेला. त्याआधी नोटीस हाती पडली तर जुना कायदा, नंतर पडली तर नवा. कागद बाईंच्या हाती आला तेव्हा मध्ये एकोणीस दिवस होते.

शुक्रवार होता. बाईंनी चहाचा कप तसाच ठेवला आणि साहेबांना सगळं सांगितलं. खटला साहेबांच्या कोर्टातला नव्हता, शेजारच्या कोर्टातला होता. साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"बघा बाई, किती सुंदर उदाहरण आहे," ते म्हणाले. "तीस तारखेला कायदा त्या म्हाताऱ्याला रस्त्यावर काढतो, आणि एक तारखेला तोच कायदा त्याच्या दारात पहारा देतो. म्हातारा तोच, घर तेच. मग खरा कायदा कुठला? हेतू तर सरकारने लिहूनच दिलाय, म्हाताऱ्यांना बेघर करू नका. एखाद्या बेलीफाला दार सापडायला चार दिवस उशीर झाला, तर कायद्याचं काय बिघडतं? उलट कायदा पुरा होतो."

बाईंनी सरळ विचारलं, "साहेब, हे तुम्ही उद्याच्या वर्गातलं बोलताय, का मला सांगताय?"

साहेब हसले. "सुज्ञास सांगणे न लगे."

"आणि उद्या कुणी मला विचारलं तर?"

"मी आहे ना," साहेब म्हणाले, आणि चहा निवेल म्हणून त्यांनी कप बाईंच्या दिशेने सरकवला.

त्या तीन शब्दांवर बाईंनी वीस वर्षांची रेघ पुसली. एकोणीस दिवस ती नोटीस त्यांच्या पिशवीत राहिली. त्या गल्लीवरून जायचं टाळून त्या लांबच्या रस्त्याने फिरल्या. मधल्या दिवसांत नियमाप्रमाणे तीन अहवाल द्यावे लागले, ते त्यांनी दिले. 'सदर पत्त्यावर समक्ष गेले असता घर बंद, दारास कुलूप. शेजारी चौकशी करता प्रतिवादी परगावी गेल्याचे समजले.' तिन्ही वेळा हेच. त्यांनी बाकीचे बेलीफ लिहितात ते ठरलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. एक तारखेला सकाळी त्या गेल्या, आजोबांच्या हातात नोटीस दिली, वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "आजोबा, आजच्या आज वकिलाकडे जा. आजपासून नवा कायदा आहे."

खोटं बोलायलाही सराव लागतो. टपरीवरचा कुठलाही मुरलेला बेलीफ हे वाक्य लिहिण्याआधी एकदा त्या दारावरून चक्कर मारून आला असता. बाईंना ही काळजी घ्यायची असते हेच ठाऊक नव्हतं. आजोबांच्या घराला दार होतं ते वेताचंच. एक जुनी चौकट, तिच्यात त्यांनी स्वतः विणलेली जाळी, गिऱ्हाइकाला नमुना म्हणून. कडी नाही, कोयंडा नाही. रात्री ते सुतळीने बांधून ठेवत. "चोर आला तर काय नेईल, खुर्चीतली भोकं?" असं म्हणत. बाई त्या दारातून आत गेल्या होत्या, त्याच्या शेजारी बसून पाणी प्यायल्या होत्या.

पुतण्याच्या वकिलाने कोर्टात त्या दाराचा फोटो दाखल केला. मग त्याने आजोबांना उभं केलं आणि विचारलं, "गेल्या महिन्यात तुम्ही परगावी गेला होता?"

"परगावी?" आजोबा म्हणाले. "मला परगावी कोण आहे? मी दारातच बसलेला असतो की."

"मग कोर्टाच्या बाई आल्या होत्या?"

"आल्या ना. एक तारखेला. त्याआधी नाही आल्या. आल्या असत्या तर मी पाणी नसतं का दिलं?"

कोर्ट हसलं. वकिलाने फोटो वर धरून विचारलं, "महाराज, मग हे कुलूप लावलं होतं कुठे? हवेत?" पुन्हा हशा. मागच्या बाकावर बाई बसल्या होत्या. खटल्याचा निकाल आजोबांच्या बाजूने लागला, कारण उशीर कुणाच्या का चुकीने होईना, त्यात म्हाताऱ्याचा दोष नव्हता, आणि नवा कायदा लागू झाला तो झाला. आजोबांचं घर राहिलं. निकालाच्या शेवटी दोन ओळी होत्या: बेलीफाच्या खोट्या अहवालांची स्वतंत्र चौकशी व्हावी.

आजोबा बाहेर भेटले. खूश होते. "पोरी, देवासारखा न्यायाधीश होता बघ," म्हणाले. आपण आत काय बोललो आणि त्याने कुणाचं काय झालं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाईंना त्यांचा राग आला नाही असं नाही. आला. पण खरं बोलल्याबद्दल रागवायचं तरी कसं?

नाझरने बाईंना बाजूला घेतलं. वीस वर्षांत तो म्हातारा झाला होता आणि बराचसा शहाणाही. "बाई, ऐका माझं. लिहून द्या की कंटाळा आला होता. टपरीवर बसून लिहिलं म्हणावं. सगळेच लिहितात. एक वेतनवाढ जाईल, एक ताकीद मिळेल, सहा महिन्यांत लोक विसरतील."

"पण मी टपरीवर बसून नाही लिहिलं," बाई म्हणाल्या. "मी जाणूनबुजून लिहिलं. त्या म्हाताऱ्यासाठी."

"तेच तर म्हणतोय! ते सांगू नका. आळशी बेलीफ कोर्टाला चालतो. डोकं चालवणारा चालत नाही."

ह्याच्याएवढा खरा सिद्धान्त साहेबांनी आठ वर्षांत एकदाही सांगितला नव्हता. पण तो जिन्याखाली उभं राहून, तंबाखू चोळत सांगितला गेला, म्हणून बाईंनी तो मनावर घेतला नाही. त्यांच्याकडे साहेब होते. त्या साहेबांच्या खोलीशी गेल्या, तर शिपाई म्हणाला साहेब मीटिंगमध्ये आहेत. दुसऱ्या दिवशीही मीटिंग. शुक्रवारीही. आठ वर्षांत पहिल्यांदा शुक्रवारचा चहा झाला नाही. त्या शनिवारी मात्र लेक निरोप घेऊन आली.

"आई, सरांनी वर्गानंतर मला थांबवलं. म्हणाले, आईला सांग, जे खरं आहे ते सांगायचं. सत्याला कशाची भीती?"

बाईंच्या जिवात जीव आला. "बघ, मी म्हटलं नव्हतं? ते आहेत."

"आहेतच," लेक म्हणाली. "तू सगळं सांग आई. काही लपवू नकोस."

चौकशी एका बंद खोलीत झाली. हिरवं कापड घातलेलं टेबल, मुख्य कार्यालयातून आलेला चौकशी अधिकारी, आणि टाइप करणारा एक कारकून. बाईंनी सगळं सांगितलं. कंटाळा नव्हता, आजारपण नव्हतं. नोटीस मुद्दाम ठेवून घेतली. का, तेही सांगितलं. दांडक्याचा आणि काळजाचा कायदाही सांगितला, तेव्हा कारकुनाने टाइप करायचं थांबवून वर पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "आणि मी साहेबांना विचारून केलं. त्यांना बोलवा. ते सांगतील."

साहेब आले. शपथ घेतली. बाईंकडे पाहून ओळखीचं हसलेही. त्या हसण्याने बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी खुर्चीत पाठ टेकली.

"तुम्ही ह्या बाईंना नोटीस रोखून धरायला सांगितलं होतं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "बाईंशी मी कायद्याच्या तत्त्वांवर बोलत असे. त्या जिज्ञासू आहेत. पण ती चर्चा होती, आदेश नव्हता. आदेश द्यायचा अधिकारच मला नव्हता, खटला माझ्या कोर्टातला नव्हता."

"बाई म्हणतात, तुम्ही 'मी आहे ना' असं म्हणालात."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. "मला आठवत नाही."

"बेलीफाच्या कृत्याबद्दल आपलं मत?"

"त्यांचा हेतू चांगला असेल. पण कुठला कायदा न्याय्य आणि कुठला नाही, हे प्रत्येक बेलीफ दारात उभा राहून ठरवायला लागला, तर कोर्टाची गरजच काय? बेलीफाचं काम कागद पोचवणं. तिथे हेतू शोधायचा नसतो."

बाईंनी हे व्याख्यानही ऐकलेलं होतं. हे पहिल्या पंथाचं होतं. साहेब ते नेहमी विरुद्ध बाजू म्हणून सांगत, आणि मग पुढच्या शुक्रवारी ते खोडून काढत. बाई पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिल्या. साहेबांनी सही केली आणि उठले.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी त्यांना गाठलं. आवाज चढवायची सवय नव्हती, तो चढलाही नाही. "साहेब, त्या दिवशी 'मी आहे ना' म्हणालात ते?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळू, समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, समोरच्याला धीर द्यायला माणूस असं म्हणतो. त्याचा असा अर्थ घ्यायचा नसतो. आणि मनाला लावून घेऊ नका. माणसापेक्षा संस्था मोठी." त्यांचं नाव तेव्हा वरच्या कोर्टासाठी गेलेलं होतं, हे बाईंना नंतर नाझरकडून कळलं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सुरी दिसली असती तर माणूस ओरडला तरी असता. बाईंना सेवेतून काढून टाकण्यात आलं. हुकुमात लिहिलं होतं की त्यांनी कृत्य जाणीवपूर्वक केल्याचं स्वतः मान्य केलं आहे, सबब दया दाखवण्याचं कारण उरत नाही. त्यांनी बिल्ला, पिशवी आणि न वापरलेले छापील फॉर्म मोजून नाझरच्या हवाली केले. नाझरने फॉर्म परत मोजले नाहीत. त्यांच्या जागी आलेला बेलीफ पहिल्या आठवड्यापासून टपरीवर बसतो असं ऐकिवात आहे, आणि त्याच्याबद्दल अजून कुणाची तक्रार नाही.

घरी बाईंचा सकाळी नऊचा वेळ जाईना. इतकी वर्षं त्या वेळी त्या दुसऱ्यांची दारं वाजवत असायच्या. शेजारणीने विचारलं, "सुट्टीवर का?" तर त्या हो म्हणाल्या, म्हणजे खोटं बोलण्याचा सराव आता होऊ लागला होता. नोकरी गेल्याचं दुःख होतं, पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. आठ वर्षांचे ते शुक्रवार त्यांना आठवायचे आणि प्रत्येक आठवण हाताला चिकट लागायची. आपल्याला कुणीतरी विचारी माणूस समजत होतं, ह्या एका समजुतीवर त्या जगल्या होत्या. आता वाटायचं, आपण त्या खोलीतली भिंत होतो. चेंडू मारून बघायला बरी.

लेक मात्र धुमसत होती. "मी त्या माणसाच्या वर्गात पाय ठेवणार नाही," म्हणाली. बाईंनीच तिला समजावलं. शेवटचं वर्ष आहे, हजेरी लागते, त्यांच्याच विषयाचा पेपर आहे. राग बाजूला ठेव, परीक्षा दे, वकील हो. मग तुला काय म्हणायचं ते कोर्टात उभं राहून म्हण. लेक जायला लागली. दोघींनी पुन्हा सिद्धान्त पाठ करायला घेतले, पण आता बाई नुसत्या पुस्तकातलं वाचून घेत. आपली नावं त्यांनी पुन्हा वापरली नाहीत.

पेपर सकाळचा होता. लेक दुपारी दोनला आली, चपला काढल्या, माठातलं पाणी प्यायली, पुन्हा एक पेला प्यायली.

"कसा गेला?" बाईंनी विचारलं.

"बरा गेला."

"प्रश्नपत्रिका दाखव."

"राहू दे ना आई. झाला एकदाचा."

बाईंनी हात पुढे केला. लेकीने पिशवीतून कागद काढला आणि दिला, आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाई चष्मा लावून एकेक प्रश्न वाचत गेल्या. सातव्याशी थांबल्या. तो सक्तीचा होता, वीस गुणांचा. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

"'एका वृद्धाला बेघर होण्यापासून वाचवण्यासाठी एका बेलीफाने खोटे अहवाल दिले. त्या वृद्धाचे घर वाचले. बेलीफाचे कृत्य कायद्याच्या विविध सिद्धान्तांच्या आधारे तपासा, आणि ते असमर्थनीय का ठरते ते सकारण लिहा.'"

त्यांनी तो पुन्हा एकदा मनात वाचला. मग कागद उलटा करून मागे पाहिलं. मागे कोरं होतं.

"ह्यात साहेब कुठे आहेत?"

"नाहीत," लेक म्हणाली.

"'मी आहे ना' म्हणणारं कुणीच नाही?"

"नाही आई. नुसता बेलीफ आहे."

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला.

"तू काय लिहिलंस?"

लेक खिडकीतून वळली नाही. "सगळे सिद्धान्त लिहिले. तू पाठ करून घेतलेस तसे."

"आणि शेवटी?"

"आई, पेपर तेच तपासणार आहेत. वीस गुण होते. एवढं एक वर्ष निघालं, की मग मी..."

"शेवटी काय लिहिलंस?"

"असमर्थनीय लिहिलं."

"सकारण?"

"पाच कारणं लिहिली," लेक म्हणाली.

साहेबांनी हात वर केले तेव्हा बाईंना वाटलं होतं की ह्याहून खोल काही लागत नसतं. ते खरं नव्हतं. साहेब शेवटी परके. आणि वाईट हे, की परीक्षा दे, राग बाजूला ठेव, असं हिला सांगणाऱ्या त्या स्वतःच होत्या. आता कुणाला बोल लावणार? त्यांनी कागदाची घडी घातली, गुडघ्यावर ठेवली आणि खुर्ची लेकीकडे वळवली.

"सांग," त्या म्हणाल्या. "कुठली पाच?"

"आई, नको ना."

"सांग. मला ऐकायचीत."

लेकीने सांगायला सुरुवात केली. पहिलं, बेलीफाला न्यायनिवाड्याचा अधिकार नसतो. दुसरं, अहवालावरचा विश्वास हा कोर्टाचा पाया असतो. तिसरं, चांगल्या हेतूने खोट्याचं खरं होत नाही. चौथ्याला तिचा आवाज फुटला आणि ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकून हमसून हमसून रडायला लागली.

बाई उठल्या नाहीत. तिचं रडणं ओसरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"पाचवं राहिलं," त्या म्हणाल्या.